सत्तावीस जणींचा रिले

"ह्याचं बटण कुटाय?"

हिंदुराव शेठ माझ्या कॉम्प्युटर क्लासात टेबलाखाली वाकून बघत होते. पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या बाहीला धूळ लागली होती, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"कशाचं बटण, मामा?"

"त्या तुज्या रिलेचं. बंद कुटनं करायचं तेवडं दाव, म्हंजे आपण दोगंबी मोकळं."

"आधी वर बसा. कंबर धरंल आणि परवा पालखीला खांदा द्यायला कोण उभं राहणार?"

ते उठले आणि मुलींच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. खुर्ची कुरकुरली. टायपिंगला आलेल्या चौघी मुलींना मी डोळ्यानंच घरी जायला सांगितलं. शेठ गावातलं मोठं माणूस, गलाई संघटनेचे अध्यक्ष, आणि माझ्या सासऱ्यांच्या वयाचे. त्यांना मामा म्हणायचं आणि उलट बोलायचं नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. पहिला अर्धा भाग मी आजवर पाळत आलेय.

आमचं गाव विट्यापासून दहा-बारा किलोमीटरवर. इकडं घरटी एक तरी माणूस गलाईच्या कामाला. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, ॲसिडात घालायचं, शुद्ध करून द्यायचं. त्यापायी कोण राजमहेंद्रीला, कोण जालंधरला, कोण पार सिलचरला. वर्षातनं एकदा, जत्रेला, सगळी माणसं गावात दिसतात. हे सांगते ते जत्रेच्या आधीच्या गुरुवारचं. शनिवारी जत्रा, रविवारी देवळाच्या हॉलमध्ये संघटनेची सभा, आणि मंगळवारपासनं गाड्या भरून माणसं परत. त्याला आता पाच वर्षं होतील.

"सबेच्या आदी ते लिवलेलं सगळं काडून टाक," शेठ म्हणाले. "आणि कोण कोण बायका हायत, त्यांची नावं मला दे. मी त्यांच्या घरी जाऊन नीट बोलतो. काय अडचण आसंल तर संघटना बगंल."

"नावं नाही देणार. आणि काढणारही नाही."

"का?"

"लिहिलंय त्यांनी. मी कोण काढणारी?"

"मशीन तुजं हाय म्हणून."

हे त्यांनी बरोबर धरलं होतं. मशीन माझंच होतं.

संघटनेचा फोनवर एक मोठा ग्रुप होता. सगळ्या मुलखातली दुकानं त्यात, आणि किल्ली एकट्या शेठच्या हातात. एक दिवस शालननं त्यात तीन ओळी लिहिल्या. शालन माझ्या शेजारच्या आळीतली, वय एकतीस, नवरा जालंधरच्या दुकानात होता. तिनं लिहिलं, 'माझे मालक अटॅकनं गेले नाहीत. ॲसिडच्या धुरानं त्यांची छाती जळली. डॉक्टरचा कागद माझ्याकडं आहे.' दहा मिनिटांत त्या ओळी गेल्या आणि शालनही ग्रुपातनं गेली. संध्याकाळी ती माझ्याकडं फोन घेऊन आली. तिला वाटलं फोन बिघडला.

आमच्याकडं परगावी माणूस गेला की अटॅकच येतो. वय छत्तीस असो नाहीतर एकोणतीस. चार वर्षं खोकून, पायऱ्या चढताना मधेच बसून, शेवटी शेवटी उशीला टेकून बसल्या बसल्या झोपणारा माणूसही अटॅकनंच जातो. कुणी ठरवून दिलेलं नाही. तोंडातनं तेच येतं. धुराचं नाव काढलं तर गावातल्या बाकीच्या पोरांना मुली कोण देणार, हे सगळ्यांना न सांगता कळतं.

शालनला बघून मला असा संताप आला की त्या महिन्यात मी दुसरं काही केलं नाही. शोधत शोधत मला हे रिलेचं प्रकरण सापडलं. कुणा एका कंपनीचं नाही, कुणी एक मालक नाही. ज्याला पाहिजे त्यानं आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर रिले चालवायचा. लोकांनी लिहिलेलं तो सांभाळतो आणि जो मागेल त्याला दाखवतो, बस्स. लिहिणाऱ्याची स्वतःची एक किल्ली असते, लांबलचक अक्षरांची. त्या किल्लीनं मजकुरावर सही उमटते. त्यातलं एक अक्षर दुसऱ्या कुणी बदललं तरी सही जुळत नाही. माझ्यासारख्या रिलेवालीला फार तर आपल्या मशीनवरनं मजकूर काढून टाकता येतो, बदलता येत नाही. फोन नंबर लागत नाही, नाव खरं द्यायची सक्ती नाही.

क्लासातला एक जुना कॉम्प्युटर पुसला, टेबलाखाली ठेवला, बॅटरी जोडली आणि दोन आठवडे इंटरनेटवर वाचून वाचून तो उभा केला. आठ वेळा पडला. नवव्या वेळी राहिला.

शालन पहिली आली. मग ती दुसरीला घेऊन आली. किल्ली मी प्रत्येकीला कागदावर लिहून द्यायची आणि सांगायची, ही हरवू नको, कुणाला दाखवू नको. कुठं ठेवतेस, असं मी शालनला विचारलं. म्हणाली, "कुकवाच्या डबीत. तिथं आता कोण हात घालतंय?" मग सगळ्याच तिथं ठेवायला लागल्या. सहा गावांतल्या सत्तावीस विधवा. 'जालंधरवाली', 'सिलचरची', 'तीन लेकरांची आई', अशी नावं घेऊन त्यांनी लिहिलं. नवऱ्याचं वय, किती वर्षं ॲसिडवर काम, खोकला कधी सुरू झाला, डॉक्टर काय म्हणाले. जगातले बाकीचे लोक म्हणे आपलं लिहिलेलं चार-पाच रिलेंवर ठेवतात, एक बंद पडला तर दुसरा असतो. मी सांगून दमले. आमच्या बायकांनी एकट्या माझाच पत्ता घातला. अनोळखी माणसाच्या घरात कशाला ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं माझ्या टेबलाखालचं ते खोकं गेलं असतं तर सगळं गेलं असतं, आणि शेठला हे कुणीतरी समजावून दिलेलं होतं.

"वैजयंता, आइक," शेठ आवाज खाली आणून म्हणाले. "मी काय राक्षस न्हाई. ह्या धंद्यावर चाळीस गावं जेवत्यात. हे भाईर कळलं की तिकडली सरकारं दुकानांना टाळं लावत्याल. मग ही पोरं काय करणार? तुज्या क्लासात टायपिंग?"

"दुकानात चिमणी बसवा. धूर ओढणारा पंखा बसवा. वर्षातनं एकदा प्रत्येकाच्या छातीचा फोटो काढा. रविवारी सभेत एवढा ठराव करा, त्या बायकांचं दुसरं मागणं नाही."

"त्यांचं मागणं वाचलंय मी. भाच्यानं दावलं फोनवर."

"मग?"

"चिमणी बसवली म्हंजे धुराचं कबूल केलं. मागच्या सगळ्यांचं कबूल करावं लागंल."

निदान खरं बोलले. ते उठले, दारात थांबले. "जालिंदर मंगळवारी माज्याबरूबर राजमहेंद्रीला निगायचा हाय. त्याला तेवडं इचार, त्याचं काय म्हणणं हाय."

हा घाव कुठं बसतो ते त्यांना माहीत होतं. जालिंदर माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा बारा वर्षांचा होता, त्याच्या शाळेच्या डब्यात चपात्या मी घातल्यात. माझे मालक सर्जेराव शेठच्याच दुकानात कामाला होते. ते गेल्यावर त्यांच्या जागेवर जालिंदर गेला. सहा वर्षं झाली होती. यंदा तो जत्रेला आला तेव्हा एसटीतनं उतरून घरापर्यंत येताना दोनदा थांबला. बॅग जड आहे म्हणाला. बॅग मी उचलली होती, तिच्यात चार कपडे होते.

त्याची बायको माहेरी गेलेली. त्या दिवशी आम्ही दोघंच जेवायला बसल्यावर त्यानं स्वतःच विषय काढला.

"वैनी, बंद करा ते. शेठ मला कामावरनं काडतील."

"काढू देत."

"काडू देत काय? दुसरं काय येतंय मला?"

"तुला कधीपासनं खोकला आहे?"

"हवा बदलली की हुतोय."

"जालिंदर, माझ्याकडं बघून सांग."

त्यानं ताटाकडं बघितलं. "वर्ष झालं आसंल. दादाला न्हवता आसला. दादाचं हार्टचं हुतं. मला हार्टचं कायसुदिक न्हाई, मी दाकवलंय."

मी पाणी प्याले आणि उठले. तो काय बोलला हे त्याला कळलं नव्हतं. मला कळलं होतं, आणि तरी मी गप्प बसले. त्या रात्रीची लाज मला अजून वाटते.

शुक्रवारी इंटरनेटची वायर खांबावर कुणीतरी तोडली. मी मोबाईलचं नेट जोडून रिले चालू ठेवला. शनिवारी जत्रा झाली. पालखीत शेठ पुढं होते, मी नारळ फोडला, त्यांनी गुलाल लावला, मीही त्यांच्या पाया पडले. रीत ती रीत.

रविवारी दहाला हॉल भरला. पुरुष सतरंजीवर, बायका कडेला भिंतीला. बायका कधी सभेला येत नाहीत, त्या दिवशी शालनसकट नऊ जणी आल्या. कोण 'सिलचरची' आणि कोण 'तीन लेकरांची आई', हे हॉलमध्ये मला एकटीला माहीत होतं. मी चिमणीचा आणि छातीच्या फोटोचा ठराव लिहून दिला होता. चार दुकानदारांनी त्यावर सह्याही केल्या होत्या, म्हणजे तो चर्चेला घेणं भाग होतं. जालिंदर खांबाला टेकून बसला होता. मनातल्या मनात मी एकच हिशेब करत होते, की ठराव झाला तर तो मंगळवारी जायच्या आधी त्याचा फोटो काढता येईल.

शेठ उभे राहिले. हातात भाच्याचा फोन.

"ह्या ठरावाला आधार काय, तर म्हणं बायकांनी लिवलंय. कुटं लिवलंय? वैजयंताबाईंच्या मशीनवर. बाई म्हणत्यात, तितं लिवलेलं कुणाला बदलता येत न्हाई, प्रत्येकाची सही हाय. बराबर हाय का, बाई?"

"बरोबर आहे."

"मग आता त्या मशीनवरचा एकदम पयला मजकूर वाचतो. सगळ्यांच्या आदीचा." त्यांनी चष्मा लावला. "'माझे पती कैलासवासी सर्जेराव यांना हृदयविकाराचा तीव्र झटका येऊन देवाज्ञा झाली. त्यांच्या पवित्र स्मृतीस अभिवादन. वैजयंता.' सही बाईंची. मी जुळवून बगितली भाच्याकडनं. आता बोला. सत्तावीस जणींच्या मालकांना धूर लागला, आणि ज्या बाईनं ह्ये उभं केलं तिच्या मालकाला अटॅक आला. त्योबी त्याच ॲसिडवर, चौदा वर्षं."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मी तो मजकूर विसरले होते. रिले नवव्या वेळी उभा राहिला त्या दिवशी चालतोय का बघायला काहीतरी लिहून पाठवायचं होतं. भिंतीवर मालकांच्या पुण्यस्मरणाचा कागद होता. त्यावरनं बघून टाइप केलं आणि मजकूर पडद्यावर दिसला तशी आनंदानं शालनला बोलवायला पळाले. काय लिहिलंय हे वाचलंसुद्धा नव्हतं. सहा वर्षं तोंडातनं तेच यायचं, बोटातनंही तेच आलं.

शालन माझ्याजवळ सरकली. कानाशी म्हणाली, "वैनी, तुमच्या फोनवरनं आत्ता काडून टाका. म्हणा, आसलं कायच न्हाई. त्यांच्याकडं काय पुरावा राहतोय?"

काढता येत होतं. मालकीण मीच होते. दोन वेळा बोट लावलं की गेलं असतं, आणि शेठ रिकामा फोन दाखवत बसले असते. खोटं सांगत नाही, बोट तिथपर्यंत गेलं. मग मला शालनच्या तीन ओळी आठवल्या. दहा मिनिटांत गेलेल्या. ज्याच्या हातात किल्ली त्यानं नको ते काढायचं, तर मग शेठनं काय वेगळं केलं होतं?

मी उभी राहिले.

"मजकूर माझाच आहे. सहीपण माझी. तो मी काढणार नाही, तिथंच राहील. खोटा आहे."

"आता खोटा झाला," शेठ म्हणाले.

"तेव्हाही खोटा होता. मामा, त्यांना राजमहेंद्रीहून गाडीतनं तुम्हीच आणलंत. सोळा तास. तोंडाला फडकं बांधलेलं होतं, ते तुम्हीच सोडलंत. फडक्यावर काय होतं ते ह्या सगळ्यांना सांगा, नाहीतर मी सांगते."

शेठनी चष्मा काढून खिशात ठेवला. मी खाली बसले नाही. तिथंच उभ्याउभ्या फोनवर लिहायला लागले आणि लिहिलं तसं मोठ्यानं वाचत गेले.

"वरचा मजकूर मी लिहिला, तो खोटा आहे. माझे पती सर्जेराव, वय अडतीस. ॲसिडवर चौदा वर्षं. सहा वर्षं खोकला, शेवटी फडक्यावर रक्त. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फुप्फुसं गेली, काम सोडा. त्यांनी सोडलं नाही आणि मी सोडायला लावलं नाही. अटॅक आला असं मी सगळ्यांना सांगितलं."

पाठव दाबलं. रडू आलं नाही. राग होता, आणि तो शेठपेक्षा माझ्यावर जास्त होता. सत्तावीस जणींना मी खरं लिहायला बसवलं. मी आपली मशीन सांभाळणारी, म्हणून स्वतः त्यातनं सुटले होते.

"वैनी." जालिंदर खांबापासून उठला होता. "का सांगितलं आसं?"

सगळा हॉल ऐकत होता. बाजूला नेऊन सांगायची माझी हिंमत नव्हती. तिथं सोपं होतं असं नाही, पण निदान पळता येत नव्हतं.

"तुझं लग्न ठरलेलं होतं. सुपारी फुटली होती. धुराचं कळलं असतं तर मुलीकडचे मागं सरले असते."

"आनि मग मला त्याच जागंवर पाटवलं."

"पाठवलं."

"तुमाला म्हाईत आसून."

"माहीत असून. तुझी बॅग मीच भरली."

त्याला खोकला आला, तो त्यानं आवरायचा प्रयत्न केला, आवरला नाही. सगळ्यांसमोर तो वाकून खोकत राहिला. कुणी हसलं नाही. मग चपला न घालताच तो निघून गेला. सभा तशीच मोडली. ठराव मांडला नाही, पडला नाही, नुसता कागद टेबलावर राहिला. शेठ जाताना मला म्हणाले, "झालं समाधान? घर मोडलंस आपलं."

"माझं घर सहा वर्षांपूर्वीच मोडलं, मामा. मालक तुमच्याच गाडीतनं आले तेव्हा."

जालिंदर दोन दिवस घरी आला नाही. मित्राकडं होता, एवढं कळलं. सोमवारी मी त्याची बॅग जिथं होती तिथंच ठेवली, भरली नाही. मंगळवारी सकाळी शेठची गाडी निघायचा हॉर्न ऐकला. कोण गेलं, कोण राहिलं, बघायला मी दारात गेले नाही. क्लास उघडला, मुलींना धडा दिला आणि टेबलाशी बसले.

बाराच्या सुमाराला रिलेवर नवीन किल्लीनं एक मजकूर आला. ती किल्ली मी दिलेली नव्हती. लिहिणाऱ्यानं ती आपली आपण बनवली होती.

'जालिंदर, वय तीस. घर मारुती मंदिराच्या मागं. ॲसिडवर सहा वर्षं. वर्षभर खोकला, थुंकीत दोनदा रक्त. आज गाडीत बसलो नाही, विट्याला छातीचा फोटो काढायला आलोय. हितं सगळ्या मेलेल्या माणसांचं लिवलंय. मी जित्ता हाय.'

मी तो तीनदा वाचला. मुली माझ्याकडं बघायला लागल्या, तेव्हा मला कळलं की माझ्या डोळ्यांतनं पाणी वाहतंय. चार वाजेपर्यंत त्याच्याखाली आणखी पाच पुरुषांनी लिहिलं. नाव, वय, दुकान. पाचही जण त्या दिवशीच्या गाड्यांत बसलेले, चालत्या गाडीतनं लिहीत होते. त्यातले दोघे शेठच्याच गाडीत.

साडेचारला शेठचा फोन आला. गाडीचा आवाज येत होता. सोलापूरच्या बरंच पुढं असतील.

"वैजयंता, बायकांचं ऱ्हाऊ दे. हे जित्त्या माणसांचं तेवडं काड."

"त्यांनाच विचारा की, मामा," मी म्हटलं. "दोघं तुमच्या मागच्याच सीटवर बसलेत."